चौकशीच्या खिडकीतल्या बाई

तो व्हिडिओ मी काढला होता. पाठवलाही मीच. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. मी मुळात कमी बोलणारा. गावात मला 'बघू आबा' म्हणतात. कुणी काहीही विचारलं की मी कानामागं खाजवतो आणि म्हणतो, "बघू." ह्या एका शब्दावर मी निम्मं आयुष्य काढलंय.

पण व्हिडिओचं नंतर. आधी बाई सांगायला हव्यात, नाहीतर त्या व्हिडिओत काय होतं ते कळायचं नाही.

रांजणगावच्या एमआयडीसीला लागून आमचं गाव. थोडा झेंडू, थोडी शेवंती, आणि रस्त्याकडेला मी बांधलेली खोल्यांची चाळ. भाडेकरू सगळे कंपनीत कामाला आलेले. कुणी बिहारचा, कुणी ओडिशाचा, कुणी आंध्रचा. अर्धा देश माझ्या एका नळावर.

एके दिवशी एक बाई खोली बघायला आल्या. साठी ओलांडलेल्या, बारीक वेणी, नऊवारी नव्हे पण पाचवारीखाली पांढरे स्पोर्ट शूज, मनगटावर नवऱ्याचं मोठं घड्याळ. लोक खोली बघतात म्हणजे नळ बघतात, संडास बघतात. बाईंनी फक्त खिडकी बघितली. गज धरून हलवले.

"मजबूत आहेत?"

"चोराचं भ्या न्हाई हो आमच्याकडं," मी म्हणालो.

"चोरांसाठी नाही. विद्यार्थ्यांसाठी."

मला वाटलं, बाईंचं डोकं जरा सरकलेलं आहे. ते मत मी पुढं बदललं नाही, फक्त कौतुकानं म्हणायला लागलो.

बाई दौंडच्या. दौंड स्टेशनात चौकशीच्या खिडकीवर त्यांनी नोकरी काढली. दौंड म्हणजे उत्तर-दक्षिण दोन्हीकडची गर्दी. तमिळ, कन्नड, भोजपुरी, सगळे त्याच खिडकीवर तोंड घालणार आणि गाडी सुटायच्या आत उत्तर मागणार. बाईंना म्हणे ह्यातली एकही भाषा धड येत नव्हती, पण चुकीच्या गाडीत कुणाला बसवलं नाही. निवृत्त झाल्यावर त्या एकदा रांजणगावच्या गणपतीला आल्या, आणि औषधाच्या दुकानात एक तरुण बाई हातवारे करताना त्यांना दिसली. ती पोट दाबून दाखवत होती, शेजारी मुलगी रडत होती, आणि दुकानदार हसत हसत खोकल्याचं औषध काढत होता. ती माझीच भाडेकरू, सस्मिता. ओडिशाची. बाईंनी दुकानदाराला योग्य औषध काढायला लावलं, सस्मिता राहते कुठं ते विचारलं, आणि थेट माझ्या दारात आल्या.

"ह्या लोकांना मराठी शिकवणार आहे," म्हणाल्या. "दर सुट्टीला येईन. खोली राहायला नको, खिडकीला हवी."

आणि खरोखरच त्यांनी वर्ग खिडकीतून घेतला. स्वतः आत, दाराला आतून कडी, खुर्चीत बसून. विद्यार्थी बाहेर ओट्यावर रांगेत. एकेकानं गजाशी यायचं, बोलायचं, शिकायचं, की आतून आवाज यायचा, "पुढचा!" वेळ सांगायच्या तीही रेल्वेची. "चौदा तीसला या." बिचाऱ्या भोजपुरी पोरांना वाटायचं, चौदा-तीस हे कसलंतरी कलम आहे, ते घाबरून अर्धा तास आधीच येऊन उभे राहायचे.

मी एकदा म्हणालो, "बाई, आत सतरंजी टाकून देतो. सगळे बसतील की."

"बसले की विद्यार्थी होतात," बाई म्हणाल्या. "खिडकीवर उभे राहिले की गरजू होतात. गरजू लवकर शिकतो."

पुस्तक नव्हतं, फळा नव्हता. दोघांना एकच धडा कधी दिला नाही. ह्याचा मूर्तींना मोठा त्रास होता. मूर्ती आंध्रचे, एका कंपनीत क्वालिटी बघायचे. शर्टाची घडीसुद्धा मोजून घातल्यासारखी. त्यांना पुस्तक हवं होतं, अभ्यासक्रम हवा होता.

"मॅडम, सबको सेम सिलॅबस होना चाहिये ना?"

"दौंडला मी सगळ्यांना एकच गाडी सांगितली असती," बाई म्हणाल्या, "तर सोलापूरची निम्मी माणसं मनमाडला उतरली असती. पेन खिशात ठेवा."

मूर्तींचं दुखणं असं, की वाक्य पूर्ण बरोबर जुळल्याशिवाय ते तोंड उघडायचे नाहीत. जुळेपर्यंत समोरचा निघून जायचा. बाईंनी त्यांना ठरवून दिलं: रोज तीन चुका केल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. मूर्ती हादरले. पण शिस्तीचा माणूस. घरून चुका तयार करून आणायला लागले. चूक नीट बसायची तर बरोबर काय ते आधी माहीत हवं, म्हणून बिचारे शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारत हिंडायचे. चार महिन्यांत त्यांचं मराठी माझ्या पुतण्यापेक्षा बरं झालं. बाईंनी कळवलं, "आता चुका बंद." तेव्हा मूर्ती चक्क खट्टू झाले. म्हणाले, "मॅडम, अजून दोन तयार होत्या."

रामप्रवेशचं वेगळंच. बिहारचा, फोर्कलिफ्ट चालवायचा. उभा राहिला की त्याला एक शब्द आठवायचा नाही. बाईंनी त्याला चालायला लावलं. बाहेर तो ओट्यावरून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, आत बाई खोलीभर, आणि दोघं मोठ्यानं वाक्यं म्हणतायत. लांबून बघणाऱ्याला वाटावं, भिंतीपलीकडून भांडण लागलंय. त्याला पहिलं वाक्य दिलं होतं, "परत एकदा सांगा, घाई नाही." कारण सुपरवायझर भरभर बोलायचा आणि हा काहीही न कळता मान हलवायचा. ते वाक्य त्याला एवढं आवडलं, की तो ते सगळीकडं वापरायला लागला. शिरूरच्या चौकात पोलिसानं गाडी अडवली.

"लायसन दाव."

"परत एकदा सांगा, घाई नाही."

पोलिसानं परत सांगितलं. ह्यानं परत तेच. तिसऱ्या वेळी पोलीस म्हणाला, "जा बाबा, मला घाई हाय."

बाईंचा नियमच होता: आधी प्रत्येकाला त्याचं पहिलं वाक्य द्यायचं. ज्याच्याअभावी त्याचं रोज अडतं, ते. नमस्कार-चमत्कार नंतर. "खिडकीवर येऊन कुणी मला 'तुमचं नाव काय' विचारलं नाही," त्या म्हणायच्या. "गाडी कुठाय, एवढंच विचारलं."

एकदा मी ओट्याला टेकून गंमत बघत होतो. बाईंनी गजातून माझ्याकडं बोट केलं.

"मालक, तुम्ही पण लागा रांगेत."

"मी? मला काय मराठी येत न्हाई व्हय?"

"येतं. 'बघू' येतं, 'नाही' येतं. 'माझं चुकलं' येत नाही. तुमचं पहिलं वाक्य तेच."

सगळे हसले. मीही हसलो. कानामागं खाजवत म्हणालो, "बघू."

सस्मिता मात्र बाईंनाही उलगडेना. रांगेत यायची, गजाशी उभी राहायची, मान खाली. बाईंनी गाणी म्हणून बघितली, चित्रं दाखवली, तिच्या पोरीला पुढं करून बघितलं. तोंडातून अक्षर नाही. आठवडेच्या आठवडे गेले. बाई कधी चिडल्या नाहीत, पण "पुढचा" म्हणताना आवाज उतरायचा.

मग एक दिवस रांगेत कुणीतरी तिच्या पुढं घुसला. आणि सस्मिता जी सुटली! ओडियात, हात नाचवत, एका दमात. घुसलेला माणूस रांग सोडून रस्त्यापलीकडं जाऊन उभा राहिला. आत बाईंनी टाळ्या वाजवल्या.

"सापडलं! ही रागातून बोलते!"

तिथून पुढं बाईंनी तिला फक्त राग शिकवला. ती आली की मुद्दाम म्हणायच्या, "आज उशीर केलास, तुझा नंबर गेला." तिच्यासमोर मुद्दाम दुसऱ्याला आधी घ्यायच्या. ती तणतणायची, आणि बाई तिचा तो तणतणाट वाक्यावाक्यानं मराठीत वळवून घ्यायच्या. बाजारात तिचं पहिलं वाक्य मी स्वतः ऐकलं. भाजीवाल्यानं वरून चांगले आणि खालून मऊ टोमॅटो घातले, तेव्हा ती पिशवी उलटी करून म्हणाली, "खालचे तुमच्या घरी न्या, मला वरचे द्या." भाजीवाला माझ्याकडं बघायला लागला, जणू मी तिला चावी दिली होती. त्यानं वरचे दिलेच, वर कोथिंबिरीची जुडी घातली.

ती मोकळी झाली. पोरीच्या शाळेत जायला लागली. औषधाच्या दुकानात तर त्या हसणाऱ्या माणसाला म्हणाली, "हसू नका, आधी ऐका." पुढं तो तिला ताई म्हणायला लागला.

आता माझ्या भानगडीवर येतो.

बाईंची परीक्षा म्हणजे भांडण. परक्या भाषेत माणूस आपल्या भाषेवर न घसरता भांडला की तो पास. विषय खरा हवा. समोरचा पक्ष बाई स्वतः करायच्या. सस्मिताच्या परीक्षेला विषय निघाला पाणी.

खरं सांगतो. सकाळी मी चाळीच्या टाकीचा कॉक लवकर बंद करायचो आणि सांगायचो, पंप नादुरुस्त आहे. पंप ठणठणीत होता. पाणी झेंडूला जायचं.

त्या दिवशी ओट्यावर गर्दी. समोरच्या चहाच्या टपरीवर गावातले चार-दोन जण. मी माझ्या घराच्या गच्चीवर, तिथून ओटा आणि खिडकी बाजूनं स्पष्ट दिसतात. मजा म्हणून मोबाइल काढला आणि चालू केला. आत बाई 'मालक' झाल्या होत्या. त्यांनी कानामागं खाजवलं. सगळी चाळ हसून फुटली.

"मालक, पाणी का नाही?" सस्मिता.

"पंप बिघडलाय," बाई. हुबेहूब माझा आवाज.

"रोज बिघडतो?"

"बघू."

"बघू नाही!" सस्मितानं गजातून आत बोट रोखलं. "तुमच्या झेंडूला पाणी आहे. माझ्या पोरीच्या आंघोळीला नाही? झेंडू शाळेत जातो का?"

टाळ्या पडल्या. बाई आतून ओरडल्या, "पास!" टपरीवरचे लोक तर लोळायचे बाकी राहिले. कुणीतरी वर बघून हाक मारली, "आबा, झेंडू कितवीला हाय?"

माझ्या अंगाची आग झाली. आपल्याच खोलीत राहणाऱ्या बाईनं आपल्याच गावासमोर, आपल्याच भाषेत आपल्याला धुतलं. आणि खरं बोलून धुतलं, हे जास्त लागलं.

मी खाली आलो. व्हिडिओ मागूनपुढून कापला. 'पास' गेलं, हशा गेला, बाईंचं कान खाजवणं गेलं. उरलं काय? गजांमागं एक म्हातारी मराठी बाई, दार बंद, बाहेर परक्या मुलखातली माणसं, आणि त्यातली एक बोट रोखून ओरडतेय. बाकीचे टाळ्या वाजवतायत. खाली मी लिहिलं, "आपल्या बाईला कोंडून दमदाटी. काय दिवस आलेत." आणि वडगाव रासाईच्या मेहुण्याला पाठवला. गावाच्या ग्रुपवर नाही टाकला. तेवढी अक्कल होती. मेहुण्याच्या पोटात काही राहत नाही, त्याला दिवसाला शंभर निरोप येतात आणि तो न बघता सगळे पुढं ढकलतो, हे मला माहीत होतं. म्हणून तर त्याला पाठवला.

दोन दिवसांनी तोच व्हिडिओ माझ्या मोबाइलवर आला. मेहुण्याकडूनच. खाली लिहिलं होतं, "दाजी, हे बघा तुमच्याकडं काय चाललंय! तुमचं लक्ष हाय का न्हाई?"

तोवर तो दौंडपासून शिरूरपर्यंत फिरला होता. सस्मिताचा चेहरा स्पष्ट. तिच्या नवऱ्याला कंपनीच्या बसमध्ये लोक विचारायला लागले, "ती तुझीच ना?" त्यानं तिला घराबाहेर पडायला बंदी केली. पोरगी शाळेत जाईना. हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच चाळीत. गावात कुणी विषय काढला की एक वाक्य पुरे होतं: "अरे, तो वर्ग होता." मी ते बोललो नाही. उलट सगळ्यांत मोठ्यानं मीच विचारायचो, "पण काढला कुणी?"

पुढच्या सुट्टीला बाई आल्या. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यांचा मोबाइल बटणांचा. आत जाऊन कडी लावली आणि बसल्या. रांगेत दोघंतिघंच. तेवढ्यात मोटारसायकली आल्या. आसपासच्या गावांतली तरणी पोरं, बाईंना सोडवायला. त्यांचा म्होरक्या थेट गजाशी आला.

"मावशी, घाबरू नका, आमी आलोय! कडी कुणी लावली?"

"मी."

"आँ?"

"आतून आहे कडी. मीच लावलीय. काय काम?"

"तुमाला कोंडलंय न्हवं!"

"रांगेत या," बाई म्हणाल्या.

"मावशी, आमी तुमाला सोडवाया..."

"लाइन! एका वेळी एक. बाकीचे मागं सरका, उजेड अडतोय."

त्या आवाजात अशी काही जरब होती, की पोरं खरंच सरकली. रांग झाली. पुढं म्होरक्या, मागं पंधरावीस गडी, हातातल्या काठ्यांचं काय करावं ते न कळून त्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या.

"बोल. कुणाशी भांडायला आलास?"

"त्या बाईशी. तिनं तुमाला शिव्या दिल्या."

"कुठली शिवी?"

त्यानं मोबाइल गजातून आत धरला. बाईंनी व्हिडिओ बघितला. एकदाच. मग मान वर केली. ओट्याकडं नाही, पोरांकडं नाही. सरळ माझ्या गच्चीकडं, आणि तिथून खाली दारात उभ्या असलेल्या माझ्याकडं. स्टेशनात वर्षानुवर्षं काढलेली बाई; गाडी कुठून आली हे तिला विचारायला लागत नाही.

मी नजर झेंडूकडं वळवली.

"ह्यात शिवी कुठाय?" बाई म्होरक्याला म्हणाल्या. "मुद्दा आहे. ही परीक्षा होती, ती पास झाली. पाण्याचा मुद्दा खरा का खोटा, ते विचार. सस्मिताला बोलवा."

रामप्रवेश तिला घेऊन आला. पोरांच्या घोळक्यासमोर तिची मान परत खाली, पहिल्या दिवसासारखी. सगळी मेहनत पुसल्यासारखी.

"तुझा नंबर गेला," बाई आतून म्हणाल्या. "उशीर केलास. हा पुढं."

सस्मितानं मान वर केली. बाईंकडं बघितलं, म्होरक्याकडं बघितलं. "मी चार दिवस कोंडून आहे," ती म्हणाली. हळू, पण एकेक शब्द बरोबर. "बाईंना नाही कोंडलं. मला कोंडलं. पाणी मागितलं म्हणून."

म्होरक्यानं मोबाइल खिशात घातला. मग माझ्याकडं वळला.

"आबा, पाणी का बंद करता?"

माझा हात आपोआप कानामागं गेला. "बघू," मी म्हणालो.

आधी बाई हसल्या, मग पोरं, मग सगळा ओटा. त्यांच्यातल्याच एकानं जाऊन टाकीचा कॉक सोडला. चहा झाला. मूर्तींनी दोन पोरांच्या बोलण्यातल्या चुका काढल्या. जाताना म्होरक्या सस्मिताला म्हणाला, "ताई, चुकलं आमचं." वीसबावीस वर्षांचा पोरगा, त्याला आलं.

मग त्यानं विचारलं, "पण मावशी, हा काढला कुणी?"

बाईंनी घड्याळात बघितलं.

"त्याला वाक्य आलं की तो सांगेल," त्या म्हणाल्या. "पुढचा!"

पण पोरं गेली तरी व्हिडिओ गेला नाही. कापलेला तुकडा फिरतच राहिला. परीक्षा होती, हे त्याच्यामागून कुणी पाठवलं नाही. महिना संपायच्या आत सस्मिताच्या नवऱ्यानं खोली सोडली आणि ते ओडिशाला परत गेले. किल्ली द्यायला तीच आली. म्हणाली, "येते, मालक. नव्या माणसांना पाणी सोडा." राग नव्हता आवाजात. रागाशिवाय ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलली, आणि मला तेच सोसलं नाही.

मी बाईंना म्हणालो, "काही दिवस वर्ग बंद ठेवू या. उगा चर्चा नको."

"पुन्हा कधी?"

माझा हात वर जायच्या आत बाईंनीच कानामागं खाजवलं आणि म्हणाल्या, "बघू." शूजची नाडी बांधली आणि दौंडच्या एसटीत बसल्या.

पाणी आता दिवसभर असतं. झेंडू जरा कमी लावतो.

मागं एकदा दौंडला गेलो होतो, तेव्हा चौकशी करत त्यांच्या घरापर्यंत पोचलो. तळमजल्याची खिडकी, मजबूत गज, बाहेर रांग. आतून तोच आवाज. मी रांगेत उभा राहिलो. माझ्यापुढं एक नेपाळी पोरगा होता, हॉटेलात काम करणारा. तो पुटपुटत वाक्य घोकत होता. मीही घोकत होतो. त्याचा नंबर झाला, "पुढचा!" म्हणून हाक आली, आणि मी रांगेतून बाजूला झालो. मागच्या माणसाला म्हणालो, "तुम्ही व्हा पुढं."

बाईंना मी एक वाक्य देणं लागतो: व्हिडिओ मी काढला, मी पाठवला, माझं चुकलं. सस्मितालाही तेच देणं लागतो, पण तिला ते तिच्या भाषेत द्यायला हवं. ती भाषा मला येत नाही, आणि परकी भाषा बोलायला लावणारी खिडकी मला एकच ठाऊक आहे, म्हणजे आधी त्याच खिडकीवर जावं लागेल.